हिवाळ्यात नव्हे, पावसाळ्यात लागते दुसरी गाडी

भाऊ, स्पोर्ट्स कार घेतली तर हिवाळ्यासाठी दणकट दुसरी गाडी लागेलच का, असं तुम्ही विचारलंत. कॅनडा-नॉर्वेत लागते. तिथे बर्फ पडतो, आणि स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर साधारण ७ अंशांखाली कडक होऊन पकड सोडतात. आपल्या जळगाव-धुळ्याकडे उलटंच आहे. हिवाळा हाच खाली बसक्या गाडीचा हंगाम. रस्ते कोरडे, हवा थंड, टर्बो इंजिन खूश. (पहाटे मात्र टायर गरम होईपर्यंत जरा दमानं.)

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. ओली काळी माती टायरच्या नक्षीत अशी बसते की दहा पावलांत चाक गुळगुळीत, मग ते जागेवरच फिरतं. नुसती उंच गाडी तिथे पुरत नाही. साधी बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे बांधावर तीही अडकते. थार घेणार असाल तर फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी घ्या. २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) आणि कमी वेगात जास्त जोर देणारा लो रेशो गिअर चिखलात कामी येतात. टू-व्हील थार घेऊन शेतात जाणं म्हणजे ट्रॅक्टरवाल्याची खुशामत.

पावसाळाभर स्पोर्ट्स कार उभी राहिली तर बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर) लावा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा. आणि उंदरांचा बंदोबस्त आधी करा. शेजारी कापसाचं गोदाम असेल तर बॉनेटखालची वायर शाबूत राहणं कठीण.

हिवाळ्यात थार लागेल ती शेतातल्या भरीत पार्टीला. पातेली, कळण्याच्या भाकरी आणि चार माणसं टू-सीटरमध्ये कुठे बसवणार?