कादंबरीवरून संगीत नाटक: टीम कशी लावायची?

प्रश्न, लातूर: व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरच्या 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकामागं नेमकी कोण माणसं होती? आम्हालाही कादंबरीच घ्यायचीय.

उत्तर, नांदेड: संगीत क्लोद-मिशेल शोनबर्ग, फ्रेंच गीतं आलँ बुब्लिल आणि जाँ-मार्क नातेल. १९८५च्या लंडन प्रयोगाला इंग्रजी गीतं हर्बर्ट क्रेट्झमर यांची, दिग्दर्शक दोघं: ट्रेव्हर नन, जॉन केअर्ड. नेपथ्य जॉन नेपियर. त्या प्रयोगात फिरत्या रंगमंचामुळं प्रवेश न थांबता बदलायचे.

उत्तर, परभणी: लेखक, गीतकार, संगीतकार पहिल्या दिवसापासून एकत्र बसवा. गाणी मागून चिकटवली की कथा अडते. बोलून भागत नाही तिथंच गाणं घाला.

उत्तर, बीड: चाल बांधण्याआधी पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' कुठल्या सुरावर धरायचा ते, ठरवा! गायिकेची काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी), गायकाची काळी एक असेल तर युगलगीतात कडव्याला पट्टी बदला. नाहीतर वरच्या षड्जाला (वरच्या 'सा'ला) गायकाचा आवाज फाटतो.