कोरोनाच्या टाळेबंदीतली मंचावरची चर्चा. घरकोंडीत बिघडलेल्या सवयी: झोप, नमकीन, मोबाइल, पाठ. आधी कशाला हात घालावा?

लोकमान्यनगर_इंदूर

गल्लीच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड आहेत. कंटेन्मेंट (रुग्ण सापडल्याने भाग बंद ठेवणं) उठेपर्यंत खाली उतरता येणार नाही. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला लहानशी गॅलरी. घरात चौघं: आम्ही दोघं घरून काम करणारे, कॉलेजातला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही.

बिघडलंय ते असं. मुलगा पहाटे तीन-साडेतीनला झोपतो आणि साडेअकराला उठतो. सासरे दुपारी अडीच तास झोपतात, मग पहाटे तीनपासून टक्क जागे. चहा दिवसातून सहा वेळा, प्रत्येक चहाबरोबर शेव किंवा मठरी. काम पलंगावर बसून, त्यामुळे मान आणि कंबर धरते. फोन तर हातातच असतो.

सगळं एकदम बदलायला गेलं की काहीच टिकत नाही. म्हणून क्रम हवाय आणि मोजमाप हवंय. 'मन प्रसन्न ठेवा' याच्या पुढचं कुणी सांगेल का?

झोपेचं_वेळापत्रक

ताई, उठण्याच्या वेळेपासून सुरुवात करा. झोपण्याच्या वेळेला तूर्त हात लावू नका. लवकर आडवं होऊन झोप येत नाही, नुसती तळमळ होते आणि पलंग म्हणजे जागरण अशी शरीराची समजूत पक्की होते. उठणं मात्र आपल्या हातात असतं.

हे का बिघडतं ते आधी पाहा. बहुतेक माणसांचं शरीरातलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. रोज सकाळी बाहेरचा उजेड डोळ्यांत गेला की ते जागेवर येतं. घरात दिवसा ट्यूबलाइट लावूनही उजेड साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. गॅलरीत सावलीत बसलं तरी सकाळी तो काही हजार लक्स मिळतो. कॉलेज, ऑफिस, बस सुटली तसा हा उजेडही सुटला, आणि घड्याळ रोज थोडं थोडं पुढे सरकत गेलं.

मुलाच्या बाबतीत एक चूक हमखास होते: त्याला पहाटे साडेपाचला उठवून गॅलरीत उभं करणं. तो साडेअकराला उठतोय, म्हणजे त्याच्या शरीराची खरी मध्यरात्र, जेव्हा तापमान सर्वांत खाली असतं, ती साडेआठ-साडेनऊच्या सुमाराला येते. त्याआधी मिळालेला प्रखर उजेड घड्याळ मागे आणत नाही, उलट आणखी पुढे ढकलतो. म्हणून जिथे आहे तिथूनच सुरुवात. साडेअकराचे अकरा, मग साडेदहा, असं रोज २० ते ३० मिनिटांनी मागे या. सातपर्यंत यायला नऊ ते तेरा-चौदा दिवस लागतात. उठल्यापासून १५ मिनिटांच्या आत गॅलरीत, २० ते ३० मिनिटं, सूर्याकडे न बघता. मे महिन्यात इंदूरला नऊनंतर ऊन लागतं, तेव्हा सावलीत खुर्ची टाका. उजेड तेवढ्यानेही पुरतो.

रात्री झोपेच्या दोन तास आधी ट्यूबलाइट बंद करून एकच पिवळा दिवा ठेवा. चहा दुपारी तीननंतर नको. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं अकरा-बाराला अंगात असतं. अंथरुणात वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसावं, अंधुक उजेडात कागदावरचं काहीतरी वाचावं, आणि डोळे जड झाले की परत यावं. एक रात्र पूर्ण जागून गाडी रुळावर आणायचा प्रयोग करू देऊ नका. दुसऱ्या दिवशी तो दुपारी झोपतो आणि सगळं मूळपदावर येतं.

सासऱ्यांचं गणित उलटं आहे. उतारवयात घड्याळ अलीकडे सरकतं. त्यांना पहाटेचा उजेड कमी आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा गॅलरीतला उजेड जास्त द्या. दुपारची झोप ३० मिनिटांची, तीनच्या आत संपणारी. एकदम तोडू नका, अडीच तासांचे दोन, मग दीड, अशी आणा. आणि पलंगाऐवजी आरामखुर्चीत झोपू दिलं तर जाग आपोआप येते.

ताटवाटी

झोपेचं बरोबर आहे, पण घरातल्या चौघांना एकाच वेळी लागू होणारी गोष्ट म्हणजे जेवणाच्या वेळा. मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन. पहिला घास रोज ठरल्या वेळी पडला की पोट आणि यकृतही त्या वेळेला लागतात.

आधी सासऱ्यांचं, कारण ते थांबू शकत नाही. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड आहे का ते पट्टीवर वाचा. या गोळ्या घेऊन जेवण लांबलं किंवा बुडालं तर साखर खाली जाते. मेटफॉर्मिन एकटी असेल तर सहसा तसं होत नाही. घरातले उशिरा उठतात म्हणून त्यांचा नाश्ता साडेदहावर गेला असेल तर तो आजच आठवर आणा. दरदरून घाम, हात कापणं, एकदम चिडचिड किंवा गोंधळ दिसला तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. त्यांना व्होग्लिबोझ (मधुमेहाचीच आणखी एक गोळी) चालू असेल तर साधी साखर फार हळू चढते, ग्लुकोज पावडरच लागते, ती घरात आणून ठेवा. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट १०८ ला फोन. घरात बसून हालचाल कमी झाली आहे, तेव्हा गोळ्यांच्या प्रमाणाबद्दल डॉक्टरांशी फोनवर बोला. मनाने कमी-जास्त करू नका.

आता शेव. इंदूरच्या घरात शेव बंद करा म्हणणं व्यर्थ आहे, म्हणून मोजून खा. १०० ग्रॅम शेवेत साधारण ५५० कॅलरी आणि ३५ ते ४० ग्रॅम तेल असतं. बिघडतं ते डब्यामुळे: किलोचा डबा टेबलावर, हात आत, किती गेलं ते कळत नाही. डबा माळ्यावर ठेवा आणि सकाळीच प्रत्येकाची २५ ग्रॅमची वाटी काढा. दिवसाची शेव तेवढीच. सकाळच्या पोह्यांवर टाकली तर ती त्यातूनच. एका माणसाचे पोहे म्हणजे ५० ग्रॅम कोरडे पोहे, एक चमचा तेल, मूठभर वाफवलेली मटकी किंवा मटार, वरून कांदा, लिंबू, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला). जीरावनात मीठ असतंच, म्हणून पोह्यांत निम्मं घाला. सासऱ्यांच्या ताटलीत मटकी दुप्पट आणि पोहे ३० ग्रॅम. त्यांना पोह्यांबरोबर जिलबी नाही.

तेलाचा हिशोब महिन्यावर ठेवू नका, कारण कॅन कधी संपला ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम धरलं तर चौघांना आठवड्याला ५६० ते ७०० ग्रॅम होतं. रविवारी ६०० ग्रॅम एका बाटलीत काढा. गुरुवारी बाटली तळाला गेली तर आठवड्यात तळणं किती झालं ते दिसतं.

चहाचं: दोन चमचे साखर, सहा कप, म्हणजे साखर ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५ च्या आत ठेवायला सांगते. आधी कप लहान करा (९० ते १०० मिली), मग दर चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा साखर कमी. एका दिवसात फिका चहा केला तर कुणी पीत नाही. आणि चहाच्या वेळा तीनच ठेवा: सात, अकरा, पावणेतीन. मध्ये हात शिवशिवला तर ताक.

मोबाइल_बाहेर

थोडक्यात लिहितो. फोनसाठी मनोबलावर विसंबू नका, जागा बदला. सगळे चार्जर निजायच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात लावा. उठायला साधं गजराचं घड्याळ घ्या, नाहीतर 'गजरासाठी लागतो' म्हणून फोन उशाशी परत येतो. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप कायमचे म्यूट करा, फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. रुग्णसंख्येच्या बातम्या एकदा सकाळी दहाला आणि एकदा संध्याकाळी सहाला. झोपायच्या आधी तर नाहीच, कारण त्या आकड्यांवर रात्री करण्यासारखं काही नसतं आणि छाती मात्र धडधडत राहते. काढ्यांचे फॉरवर्ड सासऱ्यांपर्यंत पोचत असतील तर लक्ष ठेवा. त्यातल्या बऱ्याच काढ्यांत गूळ असतो.

पाट_आणि_खुर्ची

पलंगावरचं काम आजच बंद करा, हे एका संध्याकाळी होण्यासारखं आहे. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, खुर्चीची बैठक ४५. टाइप करायला हे अंतर जास्त पडतं, खांदे वर उचलले जातात आणि मान धरते. बैठकीवर घडी घातलेली सतरंजी टाकून ती ४ ते ५ सेंटिमीटर उंच करा. मग पाय लोंबतात, त्यांच्याखाली जेवायला बसायचा लाकडी पाट. कोपर काटकोनात आणि टेबलाच्या उंचीला आलं की जमलं. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी.

लॅपटॉप पुस्तकांवर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. पण मग वेगळा कीबोर्ड आणि माउस हवाच. उंच केलेल्या लॅपटॉपवर हात वर धरून टाइप केलं तर मान सुटते आणि मनगट धरतं. वेगळा कीबोर्ड मिळत नसेल तर लॅपटॉप खालीच ठेवा आणि दर अर्ध्या तासाला उभे राहा. खिडकी बाजूला असावी, पडद्यामागे नको. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघा. घरात एवढं अंतर मिळत नाही, समोरच्या इमारतीची टाकी पाहा. पडदा पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे जळजळतात ते त्यामुळेच, म्हणून त्या २० सेकंदांत मुद्दाम लववा.

सासऱ्यांना प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं घरातच चालवा. खोलीत दोन खुर्च्या ठेवून इंग्रजी आठच्या आकारात फिरलं की सतत एकाच बाजूला वळणं होत नाही. जेवणानंतरच्या या चालण्याने साखरेची उसळी कमी होते. शिवाय भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. टाइल्सवर मोजे घालून चालू देऊ नका, आणि फरशी पुसल्यावर ती वाळेपर्यंत चालणं नाही. सध्या घरात पडून हाड मोडलं तर इस्पितळ गाठणंच अवघड आहे.

लोकमान्यनगर_इंदूर

खूप उपयोगी, मनापासून आभार. पट्टी वाचली, मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. नाश्ता उद्यापासून आठला. एक अडचण राहते: मुलगा म्हणतो की रात्रीच घर शांत असतं, तेवढाच वेळ त्याचा स्वतःचा. हे खोटं नाही. त्याला उठवायचं कसं?

झोपेचं_वेळापत्रक

मग आधी त्याला तो वेळ दिवसा द्या. दोन खोल्यांत चौघं असताना तरुण मुलाला एकांत हवा असणं अगदी रास्त आहे आणि तो मिळाल्याशिवाय गजराचा उपयोग होणार नाही. दुपारी चार ते सहा एक खोली त्याची: दार बंद, कुणी हाक मारायची नाही, काय करतोस विचारायचं नाही. त्या वेळात तुम्ही दोघं बाहेरच्या टेबलावर, आणि तुमच्या मोठ्या आवाजातल्या मीटिंग शक्यतो त्याआधी. मित्रांशी खेळायचं असेल तर तेही तेव्हाच. सगळ्यांची कॉलेजं बंद आहेत, मित्रांनाही चार वाजता जमेल.

आणि ताटवाटी म्हणतात ते मला पटलं. जेवणाची वेळ आणि उठण्याची वेळ एकत्र बांधा: उठल्यापासून तासाभरात नाश्ता.

ताटवाटी

त्याला रात्री भूक लागत असणारच. आठच्या जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ असू द्या. तरीही अकराला काही हवंच असेल तर ३० ग्रॅम फुटाणे ओट्यावर काढून ठेवा. तेवढे दिसले की मॅगी शिजत नाही.

लोकमान्यनगर_इंदूर

आणि एखाद्या रात्री घसरण झाली, पुन्हा तीन वाजले तर?

झोपेचं_वेळापत्रक

तर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीच्याच वेळेला उठवा, त्या दिवशी ती मागे नेऊ नका. दुपारी २० मिनिटं डुलकी चालेल, तीनच्या आत. सातवर आल्यानंतर नगर निगमच्या कचरागाडीची वेळ धरा: डबे घेऊन दारापर्यंत जायचं काम त्याच्याकडे द्या, तोंडाला मास्क लावून, आणि तिथून थेट गॅलरीत.