वय ५६ आणि ६२, नवरा वेगळा झोपतो, विषय काढू कसा? मदत हवी आहे

केळीबाग: आम्ही रावेर तालुक्यातले, मुलं पुण्याला, घरात दोघंच. उन्हाळ्यात यांनी ओट्यावर खाट टाकली, वाटलं गरम होतंय म्हणून, पण आता थंडी पडली तरी आत येत नाहीत. विचारलं तर 'झोप ना तू' एवढंच. बाहेर काही भानगड नाही, मला माहितीय. डॉक्टरकडे जा असं लिहू नका, गावातला डॉक्टर यांचा भाचा आहे. फक्त हा विषय काढायचा कसा ते सांगा, लवकर.

निवृत्त_गार्ड: शुगर, बीपी आहे का? गोळ्या कोणत्या? काहीच लिहिलं नाही ताई, सांगणार काय आम्ही.

तापीकाठ: गोळ्याबिळ्या सोडा. रात्री दुधातून शिलाजीत द्या, माझ्या मेव्हण्याला लई फरक पडला.

फैजपूरची_मावशी: नातवंडं खेळवायचे दिवस आले, आता कसलं हे. संध्याकाळी हरिपाठ लावा, मन रमतं.

जळगावकरीण: मावशी, हरिपाठ आम्हीपण म्हणतो. नवरा शेजारी असावा वाटणं पाप आहे का? ताई, तुम्हाला दुखतं का? पाळी गेल्यावर आतून कोरडं पडतं, आपण अंग चोरतो आणि त्यांना वाटतं हिला नकोय. आमच्याकडे हेच झालं होतं.

केळीबाग: दुखतं, हो. बोलले नाही कधी. यांना शुगर आहे, मागच्या वर्षी नाशिकला स्टेंट टाकला. पण त्याचा इथे काय संबंध?

निवृत्त_गार्ड: संबंध नाही कसा! शुगरने नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात, ताठरता येत नाही, बीपीच्या काही गोळ्यांनीपण होतं. वर स्टेंटनंतर भीती, मध्येच छातीत दुखलं तर? मीपण घाबरून लांबच राहायचो. मला डॉक्टर म्हणाले, दम न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढता येतात तर सहसा हरकत नाही, पण यांच्या हार्टवाल्याला विचारा. गोळी मनाने बंद करू नका. आणि सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी) चालू असेल तर व्हायग्रा अजिबात नाही, बीपी एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो.

तापीकाठ: काहीबी सांगस भो, मी व्हायग्रा कुठं म्हटलं? शिलाजीत नॅचरल आहे.

निवृत्त_गार्ड: असल्या 'नॅचरल' डब्यांत तीच गोळी मिसळलेली सापडलीय, बऱ्याचदा.

मेहरूणकर: स्टेंटला खर्च किती आला? काकांचं करायचंय, फुले योजनेत बसतं ना?

जळगावकरीण: दादा, त्याला वेगळा धागा काढा. ताई, अंथरुणात विषय काढू नका. यांच्या गाडीवर मागे बसून बागेत जाताना बोला, तोंडाकडे बघावं लागत नाही. आधी आपलं सांगा, 'मला दुखतं म्हणून मागे सरकायचे, तुम्ही नको म्हणून नाही.' त्यांचं लगेच विचारू नका. आणि जळगावला लेडी डॉक्टर आहेत, तिथे कुठे तुमचा भाचा बसलाय? मेडिकलमध्ये कोरडेपणासाठी पाण्याचं जेल (लुब्रिकंट) मिळतं, चिठ्ठीवर इस्ट्रोजेनची क्रीम, फक्त स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आधी सांगायचं. लगेच सगळं जमलंच पाहिजे असं नाही, आधी खाट तर आत येऊ द्या.

केळीबाग: आत्ता यांच्या शर्टाच्या खिशात बघितलं, सॉर्बिट्रेटच आहे. शिलाजीत नको मग. गाडीचं बरं आहे पण यांना ऐकू कमी येतं, रस्त्याने ओरडून सांगू का? दुसरं सुचवा.

जळगावकरीण: मग बागेत उतरल्यावर, ठिबक बघताना. तिथे कोण ऐकतंय.