मदत हवी आहे: कुस्तीतल्या पोरानं बॉक्सिंग कसं सुरू करावं?

रामराम मंडळी. मी औशाचा. पुतण्या १६ वर्षांचा, चार वर्षं तालमीत आहे, एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) झकास काढतो. आता मोबाईलवर एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) बघून बॉक्सिंगचं खूळ घेतलंय. वस्ताद म्हणतात, ठोसेवाला कवेत आला की संपला. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत (अमेरिकेतली एमएमए स्पर्धा) जुजुत्सूवाल्या रॉयस ग्रेसीनं एका बॉक्सरला खाली पाडून तशीच हार मानायला लावली होती, खरंय. पण एमएमएत पटात घुसताना तोंडावर गुडघा बसला तर? कुस्तीत ती भीतीच नाही, म्हणून पोरगं हनुवटी उघडी टाकून घुसतंय. दोन्ही एकदम चालवावं, की आधी नुसतं फूटवर्क आणि बचाव? या वयात डोक्याला मार बसणारं स्पारिंग (सरावाची लढत) कितपत ठेवावं? लातूर-धाराशिवकडं दोन्ही केलेलं कुणी असेल तर सांगा. खुराकाचं नको, दूध-बदाम चालूच आहे.