शब्दचर्चा: पॉलिफनीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
चीनच्या सिच्वान प्रांतातल्या छ्यांग लोकांच्या गाण्यावर लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडले आहे. छ्यांग लोक मिन नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरउतारावर दगडी घरांत राहतात. स्वतःला 'र्मा' म्हणवतात. सोंगपान भागात ते जोडीजोडीने गातात, पण दोघींची चाल एक नसते. एकीने सुरुवात केली की दुसरी मागून वेगळ्या सुरावर येते आणि दोन्ही चाली एकाच वेळी पुढे जातात. अशा गाण्याला इंग्रजीत 'पॉलिफनी' म्हणतात. चिनी शब्द आहे 'दुओ-शंग-बू', म्हणजे 'अनेक आवाजांचे भाग'. मराठीत 'बहुस्वरी' वापरलेला दिसतो. मला तो पटत नाही. दुसरा शब्द आहे का?

उत्तर:
पटत नाही ते बरोबरच आहे. आपल्याकडे स्वर म्हणजे सा रे ग म. भूपात पाच स्वर लागतात, मग एकटा माणूस भूप गातो तेही बहुस्वरीच की! 'समूहगान' आणि 'बहुकंठी'ही नकोत. शाळेच्या प्रार्थनेला पाचशे गळे असतात, चाल एकच.

दुसरं उत्तर:
'झील' चालेल का? पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतातच.

पहिल्यांचं उत्तर:
शब्द फार गोड आहे, पण काम वेगळं. झीलकरी शाहिराची ओळ संपता संपता उचलतात, आणि त्याच्याच चालीत. तंबोऱ्याचंही तसंच, तो एका जागी उभा असतो. इथे दोन्ही आवाज चालते आहेत. मला 'पदर' सुचतो. दुपदरी माळ, तिपदरी दोर, तसं दुपदरी गाणं. सगळ्या प्रकाराला मिळून 'बहुपदरी गायन'. चिनीतला 'बू' म्हणजे भाग, तोही 'पदर'मध्ये आपोआप येतो.

तिसरं उत्तर:
'चौपदरी' म्हटलं की डोळ्यांसमोर महामार्ग येतो हो. 'पेड' का नको? तिपेडी वेणी म्हणतोच आपण.

पहिल्यांचं उत्तर:
रस्त्याला लागला म्हणून माळेचा शब्द मोडीत निघत नाही. पण 'पेड' तुम्ही छान आठवण करून दिलीत. पदर शेजारी शेजारी राहतात, पेड एकमेकांवरून जाऊन गुंफले जातात. आवाज जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे 'पेड' म्हणावं, सगळ्या प्रकाराला 'बहुपदरी'. दोन्ही शब्द हवेत.

मूळ प्रश्नकर्ती:
'बहुपदरी' घेते. आता दुसरी अडचण, आणि ही जास्त जिव्हाळ्याची. या गाण्यात दोन आवाज बरेचदा फक्त एका सुराच्या अंतरावर येतात, सा-रे इतके जवळ. वर गळा थरथरवतात. कच्च्या मसुद्यात मी 'विसंवादी' लिहिलं होतं. ध्वनिमुद्रण ऐकून घरातल्या एकांनी तर 'बेसूर' म्हटलं. मला फार लागलं ते.

पहिल्यांचं उत्तर:
'बेसूर' अजिबात नको. बेसूर म्हणजे लावायचा होता एक आणि लागला दुसरा. या बायका नेमका तोच सूर लावतात, दर वेळी, हुकत नाहीत. पेटीवर काळी एक आणि काळी दोन एकदम दाबून धरा. पाच-सहा सेकंद सोडू नका. सुरांमध्ये एक खरखर उठते, हवा घासल्यासारखी. पेटीवर ती कानाला टोचते, पण दोन मोकळ्या गळ्यांतून आली की तीच खरखर डोंगरात लांबवर जाते. बल्गेरियातल्या शोप भागातल्या बायकाही असंच सा-रे इतकं जवळचं अंतर धरून गातात आणि त्यांना ते गोड लागतं.

'विसंवादी'च्या जवळचा 'विवादी' हा शब्दही जपून वापरा. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताने रिषभ-गांधार आणि धैवत-निषाद या जोड्या विवादी सांगितल्या, पण तो स्वरांमधल्या नात्याचा विचार होता, एकाच वेळी गायलेल्या दोन चालींचा नव्हे. माझं मत विचाराल तर सरळ 'लगतचे सूर' लिहा. 'लगतच्या सुरांचं घर्षण'. त्यात निंदा नाही.

तिसरं उत्तर:
घर्षण आवडलं. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर नागालँडच्या फेक जिल्ह्यातल्या चाखेसांग नागांचं 'ली' ऐका. शेतात काम करता करता बहुपदरी गातात. छ्यांग काय नि हे काय, दोन्ही भाषा तिबेटी-बर्मी कुळातल्या. त्यावरून गाण्याचं नातं लगेच जोडू नये, पण ऐकावं जरूर.

मूळ प्रश्नकर्ती:
ऐकते. हा शब्द नीट हवा असण्याचं कारणही सांगते. छ्यांग भाषेला परंपरेने लिपी नाही. गाण्यांत बऱ्याच ठिकाणी नुसती अर्थ नसलेली अक्षरं असतात. म्हणजे गाणं कानानेच पुढच्या पिढीकडे जातं, आणि त्यासाठी शेजारी दुसरा गळा लागतो. १२ मे २००८ च्या भूकंपाने हाच प्रदेश हादरला. त्याच वर्षी जूनमध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत हे गाणं आलं. अशा गाण्याला मराठीत चुकीच्या नावाने न्यायचं माझ्याने होत नाही.

एकच राहिलं. दोघीच गायला बसल्या तर एकमेकींना काय म्हणतील? 'तू खालचा पदर गा'?

पहिल्यांचं उत्तर:
'धर'. आपण सूर धरतो, ताल धरतो. 'तू खालचा पदर धर, मी वरचा धरते.'