टेपर (टोकाकडे निमुळत्या) पंखाचा सीजी (गुरुत्वमध्य) नेमका कुठून मोजायचा? ६० मिमीवर ठेवूनही विमान नोज-हेवी (नाकाकडे जड) वाटतंय

फोमपंखी:
डेप्रॉनचं (फोमच्या शीटचं) लो-विंग (पंख खाली असलेलं) स्पोर्ट मॉडेल आहे, मापं स्वतः ठरवलेली. स्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी) १२०० मिमी, रूट कॉर्ड (मध्यरेषेवर पंखाची रुंदी) २४०, टिप कॉर्ड (टोकाशी रुंदी) १६०. ट्रेलिंग एज (मागची कड) सरळ ठेवलीय, त्यामुळे टिपला लीडिंग एज (पुढची कड) रूटपेक्षा ८० मिमी मागे येते. २२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक), ३एस (तीन सेलची) २२०० बॅटरी १८० ग्रॅमची. सगळं धरून वजन ९०० ग्रॅम.

सीजी कॉर्डच्या २५ टक्क्यांवर हवा म्हणून रूटच्या लीडिंग एजपासून ६० मिमीवर आणला. त्यासाठी मोटर माउंटमागे ६० ग्रॅम शिसं लावावं लागलं (रूटच्या लीडिंग एजच्या २०० मिमी पुढे). विमान उडतं, पण एलेव्हेटरला (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या फळीला) ५ मिमी अप ट्रिम (कायम वर ठेवलेली जागा) लागतो, थ्रॉटल कमी केला की लगेच नाक खाली जातं आणि उतरताना पूर्ण अप देऊनही फ्लेअर (जमिनीजवळ नाक उचलणं) होत नाही. सीजी आता कुठे सरकवू? शिवाय बोटांवर धरलं की विमान कलंडतं, एका जागी थांबतच नाही.

बाल्सा_आणि_सीए:
मागे, आणि चांगला २८ मिमी मागे.

२५ टक्के हा आकडा बरोबर आहे, पण तो रूट कॉर्डचा नसतो, मीन एरोडायनॅमिक कॉर्डचा म्हणजे एमएसीचा असतो. आयताकृती पंखात दोन्ही सारखेच, म्हणून साध्या ट्रेनरवर ही चूक लपून जाते. तुमच्या पंखाचा हिशोब असा:

एमएसी = २/३ × (रूट² + रूट×टिप + टिप²) ÷ (रूट + टिप)
= २/३ × (५७६०० + ३८४०० + २५६००) ÷ ४०० = साधारण २०३ मिमी.

हा कॉर्ड मध्यरेषेपासून किती बाहेर येतो? अर्धा स्पॅन ÷ ३ × (रूट + २×टिप) ÷ (रूट + टिप) = २०० × ५६० ÷ ४०० = २८० मिमी. तिथे लीडिंग एज ८० × २८० ÷ ६०० = ३७ मिमी मागे गेलेली असते. त्यात २०३ चे २५ टक्के, म्हणजे ५१ मिमी मिळवा. सीजी हवा रूटच्या लीडिंग एजपासून ८८ मिमीवर.

तुम्ही ठेवलेला ६० मिमी एमएसीच्या जेमतेम ११ टक्क्यांवर पडतो. अप ट्रिम, थ्रॉटल कमी करताच नाक पडणं, फ्लेअर न होणं, सगळं त्यातूनच येतंय. वेग उतरला की एलेव्हेटरची ताकद उतरते, आणि एवढं जड नाक उचलायला ती पुरत नाही.

आधी शिसं काढा. शिसं आताच्या सीजीच्या २६० मिमी पुढे आहे; ते निघालं की विमान ८४० ग्रॅमचं होतं आणि सीजी ६० × २६० ÷ ८४० = १८.६ मिमी मागे जातो, म्हणजे जवळपास ७९ वर. राहिलेले ९ मिमी बॅटरीने भागवा: ९ × ८४० ÷ १८० = ४२ मिमी बॅटरी मागे.

उभा_वारा:
कलंडण्याबद्दल. लो-विंगमध्ये बहुतेक वजन पंखाच्या वर असतं, म्हणून खालून आधार दिला की ते उलटायलाच बघतं. विमान उलटं करून तोला, मग वजन आधाराच्या खाली लटकतं आणि स्थिर राहतं. बोटांऐवजी पाटावर दोन लाकडी पट्ट्या उभ्या करा आणि टोकांना मागे खोडरबर असलेल्या पेन्सिली बसवा. डेप्रॉनला खड्डा पडत नाही.

खूण कुठे करायची ते नीट बघा. ८८ मिमी हे अंतर मध्यरेषेवरचं आहे. आधार फ्यूजलाजच्या (धडाच्या) बाहेर, समजा मध्यापासून ७५ मिमीवर, दिलात तर तिथे लीडिंग एज आधीच १० मिमी मागे आलेली असते. तिथे लीडिंग एजपासून ७८ मिमीवर खूण करा. सगळीकडे ८८ मोजलं तर सीजी १० मिमी मागे जाईल आणि विमान थेट ३० टक्क्यांवर पोचेल. गुण्या लावून मध्यरेषेला काटकोनात एक रेष ओढा आणि पंखाच्या वरच्या बाजूला मास्किंग टेप चिकटवून त्यावर खूण करा, कारण उलट्या विमानात तीच बाजू आधारावर येते.

तोलताना प्रॉप, स्पिनर, कॅनपी, चाकं, बॅटरी सगळं जागेवर असू द्या. बॅटरीचा कनेक्टर मात्र जोडू नका.

फोमपंखी:
खूप आभार. अडचण एकच, बॅटरीच्या मागे स्पारचा (पंखाच्या मुख्य दांडीचा) फॉर्मर, म्हणजे धडातला आडवा पडदा, आहे. बॅटरी फार तर २५ मिमीच मागे जाते. शेपटीला वजन लावू का?

बाल्सा_आणि_सीए:
शेपटीला काही लावू नका. २५ मिमीने सीजी २५ × १८० ÷ ८४० = ५.४ मिमी सरकतो, म्हणजे ८४ वर, एमएसीच्या २३ टक्क्यांवर. पहिल्या उड्डाणाला ही चांगली जागा आहे. पुढे आणखी मागे घ्यावंसं वाटलं तर ईएससी हलवा: २५ ग्रॅमचा ईएससी १०० मिमी मागे नेला की ३ मिमी मिळतात. तारा मोटरकडच्या तीन लांबवा, बॅटरीकडच्या नाही. त्या लांबवल्या की ईएससीच्या कपॅसिटरवर व्होल्टेजचे झटके बसतात. ईएससीला हवा लागेल अशी जागा निवडा.

एक गोष्ट विसरू नका: उडवण्याआधी तो ५ मिमी अप ट्रिम काढून एलेव्हेटर सरळ करा. सीजी मागे आणि ट्रिम जुना राहिला तर हातातून सुटताच विमान नाक वर करून स्टॉल होईल (पंखाची उचल सुटेल). एलेव्हेटरही आता जास्त तिखट वाटेल, म्हणून थ्रो (फळी किती हलते ते) थोडा कमी करा आणि ३० टक्के एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ हालचाल सौम्य करणारी सेटिंग) ठेवा.

उभा_वारा:
हवेतली तपासणी: भरपूर उंचीवर अर्ध्या थ्रॉटलला सरळ ट्रिम करा. थ्रॉटल बंद करून ४५ अंशांच्या डाइव्हमध्ये घाला आणि एलेव्हेटरची स्टिक सोडा. जोरात नाक वर घेतलं तर अजून नोज-हेवी. सावकाश, लांबलचक वळणाने वर आलं तर छान. आणखी खाली खुपसायला लागलं तर टेल-हेवी, लगेच उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. एका वेळी ३ मिमीच सीजी बदला.

फक्त थ्रॉटल वाढवल्यावर नाक वर जात असेल तर सीजीला हात लावू नका. मोटरला डाउनथ्रस्ट (खालच्या दिशेचा कल) कमी आहे, माउंटच्या वरच्या स्क्रूंखाली एकेक वॉशर घाला.

जमलं की बॅटरीच्या पुढच्या टोकाशी तळावर पेनाने रेष मारा आणि वेल्क्रोपट्टा घट्ट ओढा. लूपमध्ये बॅटरी मागे घसरली तर विमान परत हातात येत नाही. १५०० ची बॅटरी लावलीत तर साधारण ५० ग्रॅम कमी होतात. ती सीजीच्या १०० मिमी पुढे असेल तर सीजी ६ मिमी मागे जातो, त्यामुळे तिची रेष वेगळी मारा.