एअरबॅगचा रिकॉल निघालाय, पण पार्ट मिळत नाही. तोवर काय करायचं?

निळी_हॅचबॅक

गाडी सेकंडहँड घेतलेली आहे. उत्पादकाच्या साइटवर चासी नंबर टाकला तर पुढच्या प्रवासी बाजूच्या एअरबॅगचा रिकॉल बाकी आहे असं दाखवतंय. इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारा भाग, टकाटा या जपानी कंपनीचा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, पार्ट आला की फोन करू. तारीख मात्र देत नाहीत. रिकॉलचं पत्र माझ्यापर्यंत आलेलंच नाही, आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलं असावं.

जाणकारांनी कृपया सांगा: इग्निशन चालू केल्यावर एसआरएसचा (एअरबॅग यंत्रणेचा) दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो, मग एअरबॅग ठीक आहे असं धरायचं का? पार्ट येईपर्यंत एअरबॅगचा फ्यूज काढून ठेवला तर? चालकाच्या बाजूचा इन्फ्लेटर 'आधीच बदललाय' असं आधीचा मालक म्हणतो, पण कागद नाही. आणि काम झाल्यावर ते नीट झालंय हे मी स्वतः कसं तपासू?

टॉर्क_रेंच

दिव्यावर अजिबात विसंबू नका. एअरबॅगचं कंट्रोल युनिट (ती कधी उडवायची ते ठरवणारा डबा) फक्त सर्किट तपासतं. इन्फ्लेटरमध्ये स्क्विब असतो, म्हणजे ठिणगी पाडणारी बारीक तार. तिचा रोध साधारण २ ओहमच्या आसपास मिळाला की युनिटच्या लेखी सगळं आलबेल आणि दिवा विझतो. आतल्या प्रोपेलंटच्या, म्हणजे जळून गॅस तयार करणाऱ्या रसायनाच्या, गोळ्यांची काय अवस्था झालीय हे पाहणारा सेन्सर गाडीत नसतोच. टकाटाचा दोष नेमका तिथे आहे.

थोडं खोलात जातो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात. टकाटाने २००० च्या सुमारास प्रोपेलंट म्हणून अमोनियम नायट्रेट वापरायला सुरुवात केली. हे रसायन ओलावा धरतं आणि ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते, त्याबरोबर आकारमानही बदलतं. पोटॅशियम नायट्रेट मिसळून तो बदल आवरायचा प्रयत्न होता, पण बहुतेक इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषणारा पदार्थच घातलेला नव्हता. बंद गाडीचा डॅशबोर्ड दिवसा तापतो, रात्री थंड होतो. वर्षानुवर्षं हे चक्र चाललं की गोळ्या फुगतात, आतून सच्छिद्र होतात. अपघातात ठिणगी पडल्यावर अशी गोळी थराथराने जळत नाही. सगळ्या छिद्रांतून एकदम पेटते, दाब प्रमाणाबाहेर चढतो आणि इन्फ्लेटरचं पोलादी आवरण फुटून त्याचे तुकडे पिशवी फाडून माणसावर येतात. एअरबॅग पूर्ण फुगायला ३० ते ५० मिलिसेकंद पुरतात, त्यामुळे बाजूला व्हायला वेळच नसतो.

म्हणून तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो: ओलावाशोषक नसणं, उष्ण-दमट हवा आणि गाडीचं वय. आज धडधाकट दिसणारा इन्फ्लेटर पुढच्या वर्षी जास्त धोकादायक असणार, कमी नाही. गाडी सावलीत लावल्याने नवी झीज थोडी मंदावेल, झालेली भरून येत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. साइटवरच्या नोंदीत 'गाडी चालवू नका' अशी सूचना आहे का, ते आधी पाहा. असेल तर विषय संपला: गाडी उभी करा आणि टो करून न्यायची व्यवस्था किंवा पर्यायी गाडी मागा. अशी सूचना असताना बरेच उत्पादक टोइंग किंवा घरी येऊन काम करून देतात, पण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. ही सूचना उगाच दिलेली नसते. होंडाच्या २००१ ते २००३ च्या काही गाड्यांत चालकाच्या बाजूला टकाटाचे 'अल्फा' इन्फ्लेटर होते. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने २०१६ साली सांगितलं की अपघातात ते फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत जाते.

तशी सूचना नसेल, तर तुमचा रिकॉल प्रवासी बाजूचा आहे हे सोयीचं आहे: पुढची प्रवासी सीट पूर्ण रिकामी ठेवा. सगळ्यांना मागे बसवा, जवळच्या फेरीलासुद्धा. २०१४ मध्ये पार्ट तुटवड्याच्या काळात टोयोटाने अमेरिकेतल्या डीलरांना हेच करायला सांगितलं होतं: प्रवासी एअरबॅग निकामी करायची आणि तिथे 'इथे बसू नका' अशी सूचना लावायची.

वायरिंगवाला

फ्यूजबद्दल: काढू नका. बहुतेक गाड्यांत एसआरएसचा फ्यूज एकट्या एअरबॅगचा नसतो. तो काढला की चालकाची एअरबॅग, बाजूच्या एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे) असं सगळंच बंद पडतं. एका सदोष भागासाठी बाकीचं संरक्षण घालवायचं काही कारण नाही. काही गाड्यांत प्रवासी एअरबॅग बंद करायचा किल्लीचा स्विच असतो, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या टोकाला. तो असेल आणि सीट रिकामी ठेवायचीच असेल तर तो बंद ठेवायला हरकत नाही.

मॉड्यूल (पिशवी आणि इन्फ्लेटर मिळून एअरबॅगचा संच) स्वतः सोडवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तोही सोडा. बॅटरी काढली तरी कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये एअरबॅग उडवण्याइतकी ऊर्जा काही काळ शिल्लक असते. मॅन्युअलमध्ये बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं ते यासाठीच. किती मिनिटं हे गाडीनुसार बदलतं. मल्टिमीटर लावून स्क्विबचा रोध मोजणं तर साफ बंद, कारण मीटरचा स्वतःचा करंट त्या तारेतून जातो.

काम झाल्यावर काय पाहायचं ते सांगतो. इग्निशन चालू करा: दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. विझण्याइतकंच लागणंही महत्त्वाचं. दिवा कधी लागतच नसेल तर कुणीतरी तो मीटरमधून बंद केलेला असू शकतो, आणि सेकंडहँड गाडीत ही शक्यता गांभीर्याने घ्या. याहून वाईट प्रकार म्हणजे एअरबॅगच्या जागी २ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर जोडलेला असतो. मग दिवा अगदी शहाण्यासारखा लागतो-विझतो आणि पिशवीच्या जागी काहीच नसतं. म्हणून काम चालू असताना जुनं मॉड्यूल काढल्यावर एकदा दाखवा म्हणा. पिवळा कनेक्टर गाडीच्या मूळ वायरिंगचा आहे ना, वायर मध्येच कापून जोडलेली, टेप गुंडाळलेली नाही ना, एवढं नजरेनं कळतं.

त्या पिवळ्या कनेक्टरमध्ये एक छोटी पितळी पट्टी असते. कनेक्टर निघाला की ती दोन्ही पिना आपसात जोडून टाकते, म्हणजे स्थिर विजेनेही स्क्विब उडू नये. परत बसवताना कनेक्टर पूर्ण आत गेला नाही, लॉक 'टक' करून बसला नाही, तर ती पट्टी नीट सुटत नाही किंवा रोध वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी दिवा पेटून राहतो. रिकॉलनंतर लगेच दिवा लागल्याच्या तक्रारींत हे कारण नेहमीचं आहे. दोन टप्प्यांच्या इन्फ्लेटरला दोन कनेक्टर असतात, तेव्हा दोन्ही पाहायचे. अशा वेळी युनिटमध्ये नोंदलेला बिघाडाचा कोड पुसून गाडी परत घेऊ नका. आधी कोड लिहून घ्या, मग दुरुस्ती, मग पुसणं. साधा स्वस्त ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारं यंत्र) बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो. एसआरएस वाचणारा स्कॅनर लागतो.

डॅशबोर्डच्या झाकणाची फट चारही बाजूंनी सारखी हवी, ग्लोव्ह बॉक्स आपल्या गतीने सावकाश उघडला पाहिजे. चालकाच्या बाजूचं काम असेल तर हॉर्न आणि स्टिअरिंगवरची सगळी बटणं तिथेच वाजवून-दाबून पाहा. बॅटरी काढली असल्याने काचांचं ऑटो फंक्शन पुन्हा शिकवावं लागेल, तो बिघाड नाही. आणि प्रवासी एअरबॅगच्या झाकणावर मोबाइल होल्डर चिकटवला असेल तर काढून टाका. झाकण उघडताना तो गोळीसारखा सुटतो.

दुसरा_मालक

कागदाबद्दल लिहितो, कारण सेकंडहँडवाले इथेच अडकतात.

'आधीच बदललाय' याला कागदाशिवाय काही अर्थ नाही, आणि टकाटाच्या बाबतीत कागद असला तरी तारीख पाहावी लागते. सुरुवातीच्या काळात काही गाड्यांना तात्पुरता उपाय म्हणून त्याच जातीचा, म्हणजे ओलावाशोषक नसलेलाच नवा इन्फ्लेटर बसवला गेला. नवा असल्याने त्याचा धोका काही वर्षं कमी, पण त्या गाड्या पुढे पुन्हा रिकॉलमध्ये आल्या. त्यामुळे चासी नंबर टाकल्यावर चालकाच्या बाजूचा रिकॉल 'पूर्ण' दिसतोय, 'बाकी' दिसतोय की मुळात नोंदच नाही, हे तिन्ही वेगळं वाचा. अधिकृत सेंटरला चासी नंबरवरून रिकॉलचा इतिहास दिसतो. त्याची छापील प्रत मागा, त्यावर रिकॉल क्रमांक आणि काम झाल्याची तारीख असली पाहिजे.

आणखी एक फसगत: रिकॉलची नोंद गाडीच्या चासी नंबरवर असते, पिशवीवर नसते. मध्ये गाडीचा अपघात होऊन भंगारातून दुसऱ्या गाडीची एअरबॅग बसवली असेल, तर साइट 'पूर्ण' म्हणेल आणि आत सदोष इन्फ्लेटर असेल. अपघातातून दुरुस्त झालेल्या गाडीत मॉड्यूलवरचा अनुक्रमांक सेंटरकडून ताडून घेणं हाच उपाय.

तुम्ही आज करायचं काम: नवीन मालक म्हणून नाव, पत्ता, फोन उत्पादकाच्या ग्राहक विभागाकडे नोंदवा, फक्त सेंटरच्या वहीत नको. सेंटरला 'फोन करू'ऐवजी लेखी मागा: रिकॉल क्रमांक, पार्ट मागवल्याची तारीख, मागणी क्रमांक. मागणी तुमच्या चासी नंबरवर टाकलेली नसली की तुम्ही रांगेतच नसता, आणि हे बऱ्याचदा घडतं. एका सेंटरला पार्ट नाही म्हणजे कुठेच नाही असंही नाही; त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत सेंटरला विचारा. काहीच हललं नाही तर तुमच्या देशाच्या वाहन सुरक्षा यंत्रणेकडे त्या लेखी उत्तरासकट तक्रार करा.

रिकॉलच्या कामाचे पैसे लागत नाहीत, पार्टचेही नाहीत आणि मजुरीचेही नाहीत. मात्र आधीपासून एसआरएसचा दुसरा काही बिघाड असेल, उदाहरणार्थ सीटखालचा कनेक्टर सैल असेल, तर तो रिकॉलमध्ये धरत नाहीत. त्याचं अंदाजपत्रक वेगळं मागा आणि दोन्ही गोष्टी एका बिलात मिसळू देऊ नका.

निळी_हॅचबॅक

सर्वांचे आभार. 'चालवू नका' अशी सूचना नोंदीत नाही. पुढची सीट रिकामी ठेवतो, मागणी क्रमांक उद्याच मागतो. एक शंका: मित्राची गाडी जपानमधून वापरलेली आयात झालेली आहे. तिचा चासी नंबर साइट घेतच नाही.

दुसरा_मालक

न घेणारच. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना १७ अक्षरांचा नंबर नसतो. मध्ये आडवी रेघ असलेला छोटा फ्रेम नंबर असतो. स्थानिक साइटवर काही सापडलं नाही म्हणजे रिकॉल नाही असा अर्थ होत नाही. त्या उत्पादकाच्या जपानी साइटवर रिकॉल शोधायचं पान असतं, तिथे फ्रेम नंबर टाका. बाकी गाड्यांचा १७ अक्षरी नंबरही साइट नाकारत असेल तर बघा: त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, शून्याच्या जागी ओ टाकला जातो.

टॉर्क_रेंच

एक भर घालतो. शीर्षकात 'एअरबॅग' आहे म्हणून प्रत्येक रिकॉल असाच समजू नका. कंट्रोल युनिटमधली चिप धडकेच्या वेळी विजेच्या झटक्याने जळते आणि एअरबॅग उघडतच नाही, किंवा स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरलं तरी वायरची जोडणी टिकवणारी गुंडाळी) तुटून चालकाच्या एअरबॅगचं सर्किट खंडित होतं, असेही रिकॉल असतात. क्लॉक स्प्रिंगच्या बाबतीत बहुधा एसआरएसचा दिवा लागतो आणि हॉर्नही अधूनमधून बंद पडतो. अशा रिकॉलमध्ये सीट रिकामी ठेवून काही साधत नाही. तिथे सीटबेल्ट चोख हवा, आणि दिवा पेटलेला असेल तर त्याच दिवशी सेंटर. चालकाच्या बाजूला छाती आणि हॉर्न पॅड यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर एरवीही ठेवाच, स्टिअरिंग खाली झुकवून चेहऱ्याऐवजी छातीकडे वळवा. फुटणाऱ्या इन्फ्लेटरपासून मात्र हे अंतर वाचवत नाही, त्याला इन्फ्लेटर बदलण्याशिवाय इलाज नाही.